भिंतीतले ठोके

शहरात कुठूनही मान वर केली की त्या जुन्या गॉथिक चर्चचा टोकदार मनोरा दिसायचा. पत्ता सांगताना लोक तिथूनच सुरुवात करत. त्याच्या दुरुस्तीचं काम एका पाथरवटाला मिळालं. परांची बांधायला त्याने मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, सोबत घेतलं.

पाथरवट हातोडीने दगड वाजवून पाहायचा. आवाज खणखणीत आला तर दगड चांगला, बद्द आला तर आतून पोकळ. एका भर दुपारी छताच्या कमानींजवळ त्याने दोन ठोके दिले. भिंतीतून दोन ठोके परत आले.

"दाजी, आवाज घुमत असेल," मेहुणा खालच्या फळीवरून हसला. "नाहीतर भूक डोक्यात गेली असेल तुमच्या!"

पाथरवटाने हातोडी खिशात घातली. ठोके सुरूच राहिले.

मेहुणा वर आला. त्याने भिंतीला तळहात टेकवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "पलीकडून कुणीतरी हात लावलाय," तो म्हणाला. हसू कुठल्या कुठे पळालं होतं. ती बाहेरची भिंत होती. पलीकडे ना खोली, ना जिना. नुसती हवा, आणि खूप खाली चौक.

ठोके वर सरकू लागले. पाथरवट त्यांच्यामागे चढत गेला. कमानीच्या टोकाशी ते थांबले. तिथे बोट जाईल एवढी भेग होती. काल नव्हती.

"फादर, सगळ्यांना बाहेर काढा," खाली येऊन तो एवढंच बोलला. पाद्र्यांनी त्याचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि काही न विचारता चर्च रिकामं केलं.

दिवस मावळायच्या आत छत कोसळलं. कुणाला ओरखडाही आला नाही. पण धूळ बसली तसे ढिगाऱ्याखालून ठोके ऐकू आले, या वेळी सगळ्यांनाच. लोक दगड उपसायला तुटून पडले. "धीर धर, आलो आम्ही!" पाद्री घसा बसेपर्यंत ओरडत होते.

शेवटचा दगड हलला आणि ठोके थांबले. खाली नुसती फरशी होती. एक माणूस आडवा मावेल एवढी जागा, धुळीचा कण नसलेली.

घरी बायकोने पाथरवटाचे सोललेले हात धुतले. सगळं ऐकून म्हणाली, "सुटला म्हणायचा बिचारा."

"सुटला खरा," पाथरवट म्हणाला, "पण गेला कुठे?"

बायको उठली आणि तिने दाराला कडी घातली.