नदीवरची साय

“नदीवर साचणारा फेस घाटावर कपडे धुणाऱ्या बायकांच्या साबणाचा आहे, सबब घाटावर धुण्यास बंदी घालण्यात येत आहे.” फिलिपिन्सच्या बुलाकान प्रांतातल्या आमच्या गावच्या या ठरावात दोनच गोष्टी खऱ्या होत्या: नदी आणि फेस.

आलिंग कोन्सिंग, म्हणजे आमची कोन्सिंगमावशी, लोकांचे कपडे धुऊन जगते. बंदी म्हणजे तिची चूल बंद. सुनावणी बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याखाली भरली, तेव्हा ती परात घेऊनच आली आणि वस्तीच्या प्रमुखासमोर, म्हणजे कॅपितानसमोर, फतकल मारून शर्ट चोळू लागली.

“आलिंग, इथे नको,” कॅपितान दोरोतेओ पुटपुटला.

“मग नदीवर जाऊ?”

ठरावाला शास्त्राचा टेकू दिला होता नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या शाम्पू कारखान्याचे इंजिनिअर विल्यालुस यांनी. नदीच्या पाण्याचा पृष्ठताण साबणाच्या पाण्याइतकाच भरतो, हा त्यांचा पुरावा. माप अचूक होते. मात्र दोघांचा ताप सारखा म्हणून दोघांचा आजार एकच, असे निदान करणाऱ्या वैद्याकडे मी तरी जाणार नाही.

“साबण जरा कमी घालत जा, आलिंग,” ते हसून म्हणाले.

“कमीच घालते, इंजिनिअर. नदीत ओतण्याइतका परवडतो कुणाला?”

बायकांची बाजू मांडायला मला, रसायनशास्त्राच्या डॉक्टरला, बोलावले होते. मी तारेचे एक कडे आधी तिच्या परातीत बुडवले. कड्यातला पडदा क्षणभर रंगांनी झळकला आणि फुटला. मग तेच कडे धुऊन बादलीतून आणलेल्या नदीच्या पाण्यात बुडवले. हा पडदा पंख्याच्या वाऱ्यात सुरकुतला, पण फुटेना. एकट्या साबणाचा पडदा दुबळा असतो, मी सांगितले. पॉलिमरचे लांबच लांब रेणू त्याला बिलगले की पाण्याच्या पृष्ठभागावर दुधावरच्यासारखी साय धरते. ताण तेवढाच राहू शकतो. बळ मात्र बदलते.

बायका घाटावर साबणाची दुसरी वडी वापरत असतील, असे इंजिनिअर म्हणाले. मी अत्यंत आदराने दुजोरा दिला. तुमच्या शाम्पूतला पॉलिमर हल्ली कुठल्याही स्वस्त वडीत सापडत असेल, म्हटले. त्यात विशेष ते काय?

त्या पॉलिमरवर त्यांची उभी हयात गेली होती. ते ताडकन उठले, कॅपितानच्या हातातला माइक ओढून घेतला, आणि जे बोलले ते शब्दशः असे:

“वडीत? डॉक्टर, तो पॉलिमर या खोऱ्यात आमच्याशिवाय कुणाकडेही नाही. नदीवर उभा राहतो तसला फेस कुठल्याही वडीला जन्मात जमणार नाही. तो आमचा आहे.”