वाकून चालवायची सायकल

"बाई, ही वाकून चालवाची सायकल हाय. जंगलाच्या रस्त्यावर पोरीले देऊ नका."

मुखरूभाऊ हे बोलला तेव्हा पुढचं चाक बसवत होता, आणि संघप्रिया कडेवरच्या लेकीच्या, पिंकीच्या मुठीतून खोक्यातला थर्माकोल सोडवत होती. संघप्रिया राहते त्या वीज केंद्राच्या वसाहतीच्या, ऊर्जानगरच्या गेटाबाहेर कंपनीच्या बस थांबतात, तिथेच त्याची सायकल दुरुस्तीची टपरी आहे. ऑनलाइन मागवलेली सायकल अर्धवट सुटी येते, ती जोडून घ्यायला संघप्रिया आली होती. निळी, सडपातळ, बोटभर रुंदीचे टायर आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. मुखरूभाऊनं ते हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि कमरेत वाकून दाखवलं. त्याच्या गावच्या बुधरीला वाघानं मोहाची फुलं वाकून वेचतानाच उचललं होतं, तेही त्यानं सांगितलं. "उभ्या माणसाले पाहून तो बाजूनं निंगून जाते. वाकला का त्याले जनावर वाटते."

संघप्रिया बी.एस्सी. झालेली, आणि तेही प्राणिशास्त्र घेऊन. चालत्या सायकलमागे वाघ लागत नसतो, असं तिनं त्याला हसून समजावलं. वर या सायकलला साडेचारशे लोकांनी चार तारे दिलेत, हेही ऐकवलं.

"त्यातले पोंभुर्ण्याकडचे किती हायत?" मुखरूभाऊनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ब्रेकच्या तारेकडे वळला. ती पुन्हा हसली.

सायकल तिच्या धाकट्या बहिणीसाठी होती. नंदिनी नुकतीच एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून लागली होती. खोली पोंभुर्ण्यात, उपकेंद्र नऊ किलोमीटर आत, आणि मधला निम्म्याहून जास्त रस्ता सागाच्या जंगलातला. उपकेंद्र नऊला उघडायचं आणि एसटी यायची अकराला. स्कूटीवरून एकदा आपटल्यापासून नंदिनीनं गाडीचं नाव टाकलं होतं. शाळेत असताना तिला सरकारकडून सायकल मिळाली होती, जाड टायरची, कॅरिअरवाली. दहावीनंतर ती वडिलांनी शेतावर नेली आणि पोरीचा सायकलशी संबंध संपला. म्हणजे नंदिनी नवशिकीच म्हणायची.

शोधाशोध संघप्रियानं केली. पिंकी झाल्यापासून तिला सगळं तीन तीनदा तपासायची सवय जडली होती. बाटलीचं बूच, लसीची तारीख, झोपलेल्या लेकराचा श्वास. तशाच तिनं दुपारी पिंकीला पाजता पाजता आठ सायकली एकमेकींशी ताडून पाहिल्या. वजन, गिअर, ब्रेक, हमी. या निळ्या सायकलीखाली लिहिलं होतं, नवशिक्यांसाठी उत्तम, हलकी आणि खिशाला परवडणारी. नवरा राजदीप म्हणाला होता की गावातल्या दुकानातून काळी साधी घे, मोडली तर कुठंही दुरुस्त होते. पण साधी जड असते, पोरगी चढावर दमेल, असं हिचं म्हणणं. सायकल कुठल्या रस्त्यावर चालणार, हे त्या साइटवर कुणी विचारतच नव्हतं, आणि हिनंही विचारलं नाही.

पहिल्या आठवड्यात नंदिनी दोनदा पडली. मान अवघडली, तळहात सोलले. मग तिला ती जमली, आणि जमली ती अशी की फोनवर दुसरा विषयच नाही. चढावर पाय टेकवावा लागत नाही, उतारावर कानात वारा भरतो, गावातल्या पोरी बघत उभ्या राहतात. संघप्रियाला धन्य वाटलं.

महिन्याभरानं ती पिंकीला घेऊन एका रविवारी पोंभुर्ण्याला मुक्कामी गेली. सोमवारी सकाळी बहिणीला सोडायला गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत गेली. नंदिनीनं हात हलवला, खाली वळलेल्या हँडलवर ओणवी झाली आणि निघाली. पन्नास पावलांवर तिचं डोकं दिसेनासं झालं. शंभरावर पायही नीट कळेनात. दोन्ही बाजूंच्या सागामधून फक्त एक आडवी पाठ चालली होती, मातकट रंगाची पिशवी बांधलेली.

संघप्रियाला हँडल धरून कमरेत वाकलेला मुखरूभाऊ आठवला.

परत आल्यावर ती थेट टपरीवर गेली. हँडल सरळ बसवून द्या, ती म्हणाली. मुखरूभाऊनं समजावलं की ब्रेकच्या आणि गिअरच्या मुठी या हँडलच्याच मापाच्या आहेत, एक बदललं की सगळंच बदलावं लागेल, आणि इतकं करूनही सायकलचा सांगाडा लांब, बसणारा पुढं ताणूनच बसणार. परत पाठवायची मुदत दहा दिवसांची होती, ती कधीच उलटली होती. दुसरी साधी सायकल घेऊन देते म्हटलं, तर नंदिनी रुसली. "ताई, तूच त दिली, आता तूच काऊन घाबरून राह्यली?" तुझी पाठ मागून जनावरासारखी दिसते, हे बहिणीला सांगायचं कसं? तरी तिनं सांगितलं. नंदिनी खूप हसली, अगदी ती स्वतः मुखरूभाऊला हसली होती तशी.

मग रोजचा नेम ठरला. आठला निघताना एक फोन आणि नऊच्या आत पोचल्यावर दुसरा. मधल्या रस्त्यावर नेटवर्क नाही. तेवढा वेळ संघप्रिया पिंकीला भरवायची, पण डोळा भिंतीवरच्या घड्याळावर.

त्या मंगळवारी दुसरा फोन आला नाही. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. नंदिनीचा फोन लागेना. राजदीप वीज केंद्रात कामावर, आणि तिथे फोन आत न्यायला मनाई. पिंकीला रात्रीपासून ताप, अंग भट्टीसारखं. तिला घेऊन निघायचं तरी कुठं, आणि पोचायला दोन तास. तिनं उपकेंद्राच्या गावच्या आशा कार्यकर्तीला, सीताबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लसीचा दिवस आहे, पाच बाया लेकरं घेऊन बसल्यात, सिस्टर अजून आल्या नाहीत. गावातले दोघं बघायला पाठवते. पण ते पायी निघणार होते.

मग तिनं मुखरूभाऊला फोन केला. का केला हे तिला सांगता आलं नसतं. "भाऊ, नंदिनी पोचली नाई," ती म्हणाली.

"पंचर असन," तो म्हणाला. "बारीक टायर, गिट्टीचा रस्ता. संग पंप हाय का?" पंप होता, संघप्रियानंच पाठवलेला. पण त्या सायकलीच्या ट्यूबचं तोंड बारीक, आणि पंप साध्या तोंडाचा. ते तिच्या आत्ता लक्षात आलं. त्यानं तिला फोन ठेवायला सांगितला आणि पोंभुर्ण्यातल्या ओळखीच्या गोपालला लावला. गोपाल किराण्याची पिकअप घेऊन त्याच रस्त्यानं जातो.

संघप्रियाच्या हातात पिंकीच्या कपाळावरची पट्टी बदलणं तेवढं होतं. पट्टी गरम झाली की बदलायची, मग फोन बघायचा. असं किती वेळा केलं, तिला आठवत नाही.

सव्वादहाला, नेटवर्कात येताच, गोपालचा फोन आला. मॅडम सापडल्या, ठीक आहेत, गाडीत बसल्यात. सायकल सोडायला तयार नव्हत्या, फुटलेल्या चाकावर ढकलत येत होत्या, मोठमोठ्यानं गाणं म्हणत. पाचव्या किलोमीटरला चाक बसलं होतं, आणि न बसणाऱ्या पंपाशी झटण्यात तास गेला होता. मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, नाल्याजवळ वाघाचे पाय उमटले होते. ताजे का शिळे, ते मले सांगता नाई येत. मॅडमले नाई सांगितलं म्या."

तशी ट्यूब पोंभुर्ण्यात नाही, चंद्रपुरात दोन दुकानं फिरूनही मिळाली नाही. ती मागवून यायला सहा दिवस लागले. ते सहा दिवस गोपालनं नंदिनीला पिकअपमधून सोडलं, पण त्याच्या फेऱ्या रोज त्या बाजूला नसतात. संघप्रियानं सकाळी आठच्या बससाठी एसटीच्या डेपोला अर्ज दिला. प्रवासी कमी आहेत असं उत्तर आलं. त्या साइटवर तिनं लिहिलं की ही सायकल चांगली आहे, पण जंगलातून एकटीनं जाणाऱ्यांनी घेऊ नका, आणि नवशिक्यांनी आधी आपला रस्ता बघा. दोन दिवसांनी कळवण्यात आलं की मजकूर उत्पादनाशी संबंधित नसल्यानं काढून टाकला आहे.

"सायकल सोड म्हणते त सोडते," नंदिनी एकदा वैतागून म्हणाली. "पण मग जाऊ कशी, ते तू सांग."

संघप्रियानं ट्यूब कुठवर आली ते फोनवर पुन्हा तपासलं.

सातव्या दिवशी ट्यूब आली, आणि नंदिनी पुन्हा निघाली. आता तिच्या पिशवीत बारीक तोंडाचा पंप असतो, जास्तीची ट्यूब असते, आणि गळ्यात शिटी. ही सगळी संघप्रियाची खरेदी. पुन्हा तीन तीनदा तपासून केलेली.

बाकी ती भेटेल त्याला एकच सांगते, आणि हे वाचणाऱ्यांनाही तिचं तेच सांगणं आहे. तुम्ही सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान पोंभुर्ण्याहून त्या बाजूला निघालात, आणि पुढं निळ्या सायकलवर एक मुलगी दिसली, तर गाडी हळू करा. मॅडम, बरं आहे ना, एवढं विचारा. ती हसेल, चिडेलही. तरी विचारा, आणि पुढं जिथे नेटवर्क येईल तिथून ऊर्जानगरला एक फोन लावा. कुणी उचलेल का याची काळजी नको, इथे पहिल्या घंटीलाच उचलला जातो.