देलिओनं लावलेलं ठिगळ

एदुविना म्हातारीच्या कोंबड्या मेल्या तो आचाओच्या बाजाराचा दिवस होता. उत्तरेचं वारं सुटलेलं, पाऊस आडवा मारत होता, आणि 'पास्तोरा' लाँचच्या केबिनमध्ये केल्दा बेटावरची माणसं मांडीला मांडी लावून बसली होती. पायाशी बटाट्यांची पोती, लसणाच्या जुड्या, ओल्या लोकरीचा वास. दार बंद, खिडक्या बंद. अर्ध्या वाटेत बोलणी थांबली आणि एकेकाची मान छातीवर पडली. चाकावर उभ्या असलेल्या नोल्बेर्तोला वाटलं, पहाटे उठलेली माणसं आहेत, पेंगायचीच.

धक्क्याला लागल्यावर म्हातारीनं टोपलीवरचं फडकं काढलं तर चारही कोंबड्या मान टाकून पडलेल्या.

"नोल्बेर्तो," ती म्हणाली, "आज कोंबड्यांवर भागलं. पुढच्या खेपेला तुझ्या लाँचला काय वाढू? मला?"

लोक हसले. कुणी म्हणालं, लाँचला चेटूक झालंय. कुणी म्हणालं, चेटूक कसलं, म्हातारीची जीभ लागली कोंबड्यांना. हसता हसता तेच लोक कपाळ चोळत होते, एक बाई कठड्यावरून वाकून ओकत होती, आणि समुद्र तर त्या मानानं शांत होता. नोल्बेर्तो मात्र हसला नाही. त्यानं एक कोंबडी हातात घेऊन पाहिली. तिचा तुरा लालभडक होता, जिवंत असताना नसेल इतका.

'पास्तोरा' हे त्याच्या आईचं नाव. लाँच दोघा भावांनी मिळून बांधली. नोल्बेर्तोकडे चाक आणि धाकट्या देलिओकडे इंजिन, अशी वाटणी न बोलता झाली आणि तीसेक वर्षं तशीच चालली. इंजिन एका दरीत पडलेल्या ट्रकचं, पेट्रोलवर चालणारं. देलिओनं ते खटपटी करून लाँचमध्ये बसवलं होतं आणि त्याची निगा तो लेकरासारखी ठेवायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच्या छातीत पाणी झालं. इस्पितळातून त्याला परत आणलं ते याच लाँचमधून, पेटीत घालून. त्या दिवशीही वारं होतं, चाक सोडण्याची सोय नव्हती. भावाच्या पेटीकडे पाठ करून नोल्बेर्तोनं लाँच बेटाला लावली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, दगड आहे दगड.

त्यानंतर केबिनच्या तळाशी असलेल्या इंजिनावरचं फळ्यांचं झाकण उघडलं गेलं ते तेल ओतण्यापुरतंच. आणखी एक गोष्ट त्यानं केली होती. केबिनची मागची खिडकी देलिओ हिवाळ्यातसुद्धा सताड उघडी ठेवायचा. त्यावरून दोघांची जन्मभर भांडणं. पाऊस आत येतो, माणसं शिव्या देतात, पण देलिओचा हट्ट म्हणजे हट्ट. तो गेल्यावर नोल्बेर्तोनं ती खिडकी खिळे ठोकून बंद केली.

आणि मग गेल्या हिवाळ्यात देलिओ बोलू लागला.

तो मागून बोलायचा, उजव्या खांद्याच्या जरा वरून. बोलणं काही मोठं नसायचं. "पाणी उलटं फिरतंय, जरा बाहेरून घे." किंवा, "मातेचा चहा कर ना, घसा सुकलाय." नोल्बेर्तो मागे वळून बघायचा नाही. बघितलं तर काय दिसेल, किंवा काय दिसणार नाही, ते त्याला माहीत होतं. तो नुसता "हं" म्हणायचा. संध्याकाळी घरी गेला की डोकं असं ठणकायचं की बायको, ओतिलिया, कपाळावर कच्च्या बटाट्याच्या चकत्या बांधायची. वय झालं आता, ती म्हणायची. लाँच विक आणि शेकोटीपाशी बस.

उन्हाळ्यात दारं उघडी असायची तेव्हा देलिओ येत नसे. हेही नोल्बेर्तोच्या लक्षात आलं होतं. कळत होतं, पण वळत नव्हतं. वळत नव्हतं म्हणण्यापेक्षा, वळवून घ्यायचं नव्हतं. आपलं डोकं दुखतंय तर दुखू दे, त्यात कुणाचं काय जातं, असा त्याचा हिशेब होता. त्या हिशेबात मागे बसलेली माणसं धरलीच नव्हती, हे त्या मेलेल्या कोंबडीनं त्याला दाखवलं.

त्यानं धक्क्यावरूनच पुतणीला फोन लावला. देलिओची मुलगी यास्ना समोरच्या दाल्काउएला कालवांच्या कंपनीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं, आधी विचारलं की माणसं धड आहेत ना, आणि मग बजावलं की परतताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कुणाला आत बसू देऊ नका, आणि बेटावर पोचलात की मी येईपर्यंत लाँच हलवू नका. परतीच्या वाटेवर सगळे चिंब भिजले. एदुविना म्हातारी डोक्यावर पोतं घेऊन बसली आणि बेट येईपर्यंत तिचं तोंड बंद झालं नाही.

यास्ना आली ती कालवांच्या बोटीतून, एका पिशवीत पाने-हातोड्या आणि दुसऱ्या पिशवीत इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा चकचकीत नवा बेंड घेऊन. गेल्या वर्षीच तिनं बापाच्या इंजिनाच्या मापानं तो पोलादात करून घेतला होता. काकांना दोनदा सांगितलंही होतं की जुना बदलू या. काकांनी दोन्ही वेळा विषय बटाट्यांच्या पिकावर नेला होता. आता तिनं त्याची आठवण काढली नाही.

ओहोटीला त्यांनी 'पास्तोरा' वाळूवर बसवली, समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक बंद केला आणि इंजिनावरच्या फळ्या काढल्या. बाहेरून बघावं तर सगळं ठीक होतं. इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डवर रंग होता, बेंडवर काथ्यासारखी पट्टी घट्ट गुंडाळलेली.

"बेंडच आधी जातो," यास्ना म्हणाली. "इंजिनाचा जाळ इथून येतो आणि थंड करायला खारं पाणी याच्यातच सोडलेलं असतं. आग आणि मीठ एकाच घरात. बाहेरून वर्षानुवर्षं कळत नाही, आतून खात जातं."

"वास तर कधी आला नाही."

"इंजिनातून जो विषारी वायू सुटतो त्याला वास नसतो, काका. धुराचा येतो, पण तुम्हाला त्याची सवय झालेली. आधी डोकं धरतं. मग भास होतात. मग झोप."

नोल्बेर्तो पाना शोधायला वाकला. पाना त्याच्या समोरच होता.

नट निघता निघेनात. गंजून त्यांचे कोपरे गेले होते, पाना नुसता घसरायचा. यास्नानं तेल सोडलं, बत्तीनं एकेक नट तापवला, हातोडीनं हलके ठोके दिले, जरा सैल, जरा घट्ट, पुन्हा सैल. घाई केली की मोडतो, ती म्हणाली, आणि तेवढ्यात नटाखालचा एक स्टड मोडलाच. तिनं बापाच्या तोंडची एक जुनी शिवी दिली. तिच्या तोंडून ती ऐकून नोल्बेर्तोला हसू आलं. मोडका तुकडा भोक पाडून काढण्यात दुपार गेली. ओतिलियानं किनाऱ्यावर बटाट्याच्या गरम जाड रोट्या, मिलकाव, आणून दिल्या, त्या दोघांनी काळ्या हातांनीच खाल्ल्या.

मग यास्नानं बेंडवरची पट्टी उलगडायला घेतली. पट्टीच्या आत दुसरी पट्टी, तिच्या आत वाळलेल्या लांबीचा थर, आणि त्याखाली तारेनं आवळलेला पत्र्याचा तुकडा. पत्रा पीचच्या डब्याचा होता. अर्धं पिवळं फळ अजून त्यावर दिसत होतं. तार ज्या तऱ्हेनं पिळली होती, दोनदा आत आणि एकदा बाहेर, ती तऱ्हा साऱ्या बेटावर एकाच माणसाची होती.

यास्ना आधी हसली.

"बाबांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "गळतंय हे ठाऊक होतं त्यांना."

नोल्बेर्तोनं मान वर करून केबिनच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. खिळ्यांची डोकी ओळीनं चमकत होती. वर्षानुवर्षं ऐकवलेल्या शिव्या त्याला आठवल्या. 'तुला गारठा आवडतो तर बाहेर मर', असंही तो एकदा म्हणाला होता. त्या वेळी नवा बेंड घ्यायचा म्हणजे जुना मापाला पाठवून लाँच काही आठवडे बंद ठेवायची. लाँच बंद म्हणजे बेटावरचं सगळं बंद. मोठा भाऊ तयार होणार नाही हे देलिओला माहीत होतं. म्हणून त्यानं पत्रा बांधला, खिडकी उघडी ठेवली आणि शिव्या खाल्ल्या. खरं कारण सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या घरात सांगण्याची सवय कुणाला लागली होती?

"पोरी," तो म्हणाला, "तुझा बाप माझ्याशी बोलायचा. आत्ता, या दोन हिवाळ्यांत. इथं मागे उभा राहून."

यास्नानं पाना खाली ठेवला. ती हसेल किंवा डॉक्टरकडे चला म्हणेल, असं त्याला वाटलं होतं. तिनं विचारलं, "काय म्हणायचे?"

"काही नाही गं. पाणी बघ. माते कर."

"माझ्याबद्दल काही?"

खोटं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," तो म्हणाला. "लाँचबद्दलच."

तिनं नाक पुसलं, त्यानं गालावर काळा पट्टा उमटला. भोकं पडलेल्या त्या बेंडवरून तिनं बोट फिरवलं. मग खाली मान घालून, जणू पाना मागावा तसं, म्हणाली, "मला दोन वर्षांत एकदा स्वप्नातसुद्धा आले नाहीत. काका, आज हा तसाच परत बसवू. उद्या एक फेरी मी मारते. एकटी. दार लावून. थोडाच वेळ."

जे तिला दिवसभर चांगलं ठाऊक होतं, जे तिनंच त्याला समजावलं होतं, तेच ती मागत होती. नोल्बेर्तोला तिच्यात एकदम ती शाळकरी यास्ना दिसली, बापाच्या मागे लाँचवर चढू बघणारी. आणि त्याला आपणही दिसलो, हिवाळाभर खिडकी बंद करून उभे असलेले.

नोल्बेर्तो उठला. बेंड उचलून तो वाळूवर उतरला, एका मोठ्या धोंड्यावर त्यानं तो ठेवला आणि हातोडा घातला. पहिल्याच घावाला बेंड फुटला. ओतीव लोखंड असूनही आतून बिस्किटासारखं झालं होतं, थरांवर थर, बोटानं चुरावं असं. तरीही तो मारत राहिला. जोडता येईल असा एकही तुकडा राहिला नाही तेव्हा थांबला आणि दम खात धोंड्यावरच बसला.

यास्ना खाली आली. पत्र्याचा तो तुकडा मात्र तिनं खिशात घातला होता. "आवाज त्यांचाच होता का पण?" तिनं विचारलं.

"आवाज माझ्या डोक्यातला होता, पोरी. डोक्यात काय होतं, तर तो. आता तुला जे म्हणायचंय ते म्हण."

ती त्याच्याशेजारी बसली. भरतीचं पाणी लाँचच्या बुडाशी आलं तसे दोघे उठले. मॅनिफोल्डची तोंडं घासून साफ केली, नवं पॅकिंग घातलं, नवा बेंड बसवला. यास्नानं नट एका बाजूनं आवळले नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे आवळत गेली. रबरी नळीला दोन-दोन क्लिपा लावल्या. लाँच तरंगली तेव्हा कॉक उघडून इंजिन चालू केलं. मागच्या तोंडातून पाणी उसळून पडायला लागलं, धुराची फिकट रेघ समुद्रावरून निघून गेली. यास्नानं सगळ्या सांध्यांवरून साबणाचं पाणी फिरवलं. एकही बुडबुडा आला नाही. इंजिन तापल्यावर तिनं नट पुन्हा एकदा आवळले. नोल्बेर्तोनं तोवर खिडकीचे खिळे उपटून काढले. आता गरज नाही, यास्ना म्हणाली. असू दे, तो म्हणाला.

पुढच्या बाजाराला हवा उघडली होती. ओतिलियानं आपल्या खुराड्यातल्या चार कोंबड्या एदुविना म्हातारीला दिल्या होत्या. म्हातारीनं त्या उलटसुलट करून पाहिल्या, माझ्या जास्त वजनाच्या होत्या म्हणाली, आणि टोपली घेऊन चाकाच्या अगदी जवळ बसली. कोंबड्या वाटभर कलकलत होत्या. मागे माणसं बोलत होती, एकमेकांची टवाळी करत होती. कुणी पेंगलं नाही.

खाडीच्या मध्यावर पाणी उलटं फिरतं तिथं लाँच आली. नोल्बेर्तोनं ती बाहेरून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. तो सवयीनं "हं" म्हणाला आणि त्या "हं"च्या मागे काहीच नव्हतं, फक्त इंजिनाचा स्वच्छ आवाज. डोकं ठणकत नव्हतं. समोरचा डोंगर, त्यावरची चर्चचा लाकडी कळस, सगळं धुतल्यासारखं दिसत होतं.

मग ते दिसेनासं झालं. त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं चाक घट्ट धरलं, पण हात ऐकेनात, आणि लाँचनं नाक जरा डावीकडे वळवलं. मागची माणसं एकेक करून पाण्याकडे बघू लागली.

एदुविना म्हातारी उठली. तिनं कोंबड्यांची टोपली शेजारणीच्या मांडीवर दिली.

"सरक," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याची होडी मी हाकलीये. सरक तिकडं आणि रडून घे. किती दिवस तुंबवलंयस."

तो सरकला. केबिनच्या मागच्या बाकावर, उघड्या खिडकीपाशी जाऊन बसला आणि तोंडावर टोपी धरून रडला. कुणीतरी मातेचा पेला त्याच्या हातात दिला. म्हातारीनं लाँच सरळ आचाओला नेली, धक्क्याला जरा जोरात लावली, आणि दोर कोण बांधणार म्हणून सगळ्यांना ओरडली.