चौथं पान

धाकट्या भावाने नवं घर घेतल्याला तीन महिने झाले होते आणि ताईला ते बघायला काही सवड मिळत नव्हती. पावसाचे दिवस म्हणजे तिच्या कामाचे दिवस. पूरनियंत्रण धरणांची ती निरीक्षक होती, आणि ऑफिसात तिच्या माघारी तिला भिंतबाई म्हणत, कारण कुठल्याही गप्पा ती दहा मिनिटांत धरणाच्या भिंतीवर आणून सोडायची. शेवटी आईनेच फोनवर तिला फैलावर घेतलं.

"तुझ्या भिंतींना एका रविवारात पाय फुटणार आहेत का? ये गुमान."

धाकट्याने पत्ता असा सांगितला होता की शहराला अर्धा वळसा पडला. नवा कोरा रस्ता, त्याच्या टोकाला बेचाळीस घरांची वसाहत. सगळी घरं एका साच्यातली, फरक काय तो दारांच्या रंगात. तिने हॉर्न वाजवायच्या आतच भाची धावत आली. घरात तिला सगळे चिमणी म्हणत, आणि तिची चिवचिव थांबवणं कोणाच्या बापाला जमलेलं नव्हतं.

"आत्या, तुला गंमत दाखवायचीये! बाबांनी कोणाला सांगू दिली नाही!"

हातात चहाचा कप दिला न दिला तोच धाकट्याने तिला स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी नेलं. "डोळे मीट. मीट म्हणतो ना! हं, आता उघड."

समोर हिरवीगार टेकडी होती. ताई 'छान' म्हणणार होती, तेवढ्यात तिला टेकडीच्या माथ्यावरचे पांढरे दगड दिसले. सारख्या अंतरावर, एका रेषेत. तिने नकळत मोजले. सातवा दगड डावीकडे कललेला होता. त्याच्यावर आकडा रंगवणाऱ्याला तिने स्वतः दोन वर्षांपूर्वी तासभर झापलं होतं.

चहा बशीत सांडला. "हे धरण आहे," ती म्हणाली.

"मग! तुझंच!" धाकट्याने टाळी वाजवली. "म्हटलं नव्हतं आई, ओळखेल म्हणून?"

धरण मातीचं होतं. वर्षातले अकरा महिने ते कोरडं पडून असायचं, गवत वाढवत. मोठा पाऊस झाला की पुराचं पाणी अडवायचं आणि पायथ्याच्या पाइपातून चार-आठ दिवसांत हळूहळू सोडून द्यायचं. गेल्या आठवड्यात चार दिवस पाऊस कोसळला होता. त्या हिरव्या टेकडीमागे या क्षणी अर्ध्या उंचीपर्यंत पाणी उभं होतं. हे ताईला पाठ होतं. तिला माहीत नव्हतं ते एवढंच, की टेकडीच्या या बाजूला माणसं राहतात.

आणि ते माहीत असणं हेच तिचं काम होतं. दरवर्षी ती प्रत्येक धरणाचा फॉर्म भरायची. पहिली तीन पानं भिंतीच्या तब्येतीची: भेगा, ओल, खचलेली माती. त्यावरून सुरक्षा दर्जा ठरायचा. चौथं पान दरीचं: भिंत फुटलीच तर खाली किती घरं, किती माणसं. त्यावरून धोका वर्ग ठरायचा. भिंत धडधाकट असली तरी खाली गाव असेल तर वर्ग 'अति', आणि भिंत कितीही रोगट असली तरी खाली नुसतं गवत असेल तर 'कमी'. दुरुस्ती आधी कुठे, भोंगा कुठे, दर आठवड्याला माणूस कुठे, सगळं त्या वर्गावर.

चौथ्या पानासाठी गाडी काढून, डोंगराला वळसा घालून दरीत उतरायला लागायचं. कोणी उतरत नसे. ताईला काम शिकवणारे निरीक्षक निवृत्त होताना म्हणाले होते, "पोरी, भिंत बदलते, तिच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघ. दरी कुठे जाते? चौथं पान मागच्या वर्षीचं उतरवायचं." ऑफिसात सगळेच उतरवत. तिनेही अकरा वर्षं उतरवलं. खालची घरं: शून्य. माणसं: शून्य. पायथ्याला कुंपण, कुंपणापलीकडे दाट झाडी. गेल्या वर्षी त्या झाडीमागून यंत्रांची घरघर ऐकू येत होती. खाण असेल, असं म्हणून ती गाडीत बसली होती.

"कोणी परवानगी दिली इथे घरं बांधायला?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"अगं, तूच की!" धाकट्याने खणातून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढला. "बिल्डरने दाखवला. 'धोका: कमी.' खाली सही बघ. मी म्हटलं, संपला विषय, आमच्या ताईने बघितलंय! सगळ्या वसाहतीला दाखवला मी. निम्म्या लोकांनी त्यावरच घर घेतलं."

सही तिचीच होती. शेवटच्या अक्षराची शेपटी नेहमीसारखी ओढलेली. ताईने कागद दोनदा वाचला. इथे कोणी राहत नव्हतं म्हणून तिने 'कमी' लिहिलं, आणि तिने 'कमी' लिहिलं म्हणून बेचाळीस कुटुंबं इथे राहायला आली. तिला किंचाळावंसं वाटत होतं. पण आई समोर बसून कौतुकाने बघत होती.

"आता माझी गंमत!" चिमणीने तिचा हात ओढला. "आमच्या अंगणात झरा आहे! खराखुरा!"

मागच्या अंगणात, कुंपणाच्या कडेला, टोमॅटोची रोपं कमरेएवढी माजली होती. त्यांच्या बुडाशी जमिनीतून पाणी बुडबुडत वर येत होतं.

याच्याच वर, भिंतीवर, ती तीन वर्षं एका ओल्या डागाची नोंद करत होती. 'नजर ठेवावी.' दुरुस्ती मागितली की उत्तर यायचं: धोका वर्ग कमी, यादीत शेवटी.

"कधीपासून आहे हे?"

"आलो तेव्हापासून, मोठा पाऊस झाला की येतं," धाकट्याची बायको म्हणाली. "इतकं नितळ पाणी हो वन्सं, तळाचे खडे मोजून घ्यावेत. कालपासून मात्र गढूळ यायला लागलंय."

"काचेचा ग्लास आण."

ग्लास भरून तिने कट्ट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. चिमणी टाचा उंचावून ग्लासात डोकावू लागली. हळूहळू ग्लासाच्या तळाशी पिवळसर मातीचा थर बसला, बोटाच्या पेराएवढा. पिवळी माती या अंगणात नव्हती. ती धरणाच्या पोटात भरलेली होती. नितळ पाणी म्हणजे नुसता पाझर. गढूळ पाणी म्हणजे भिंत आतून वाहून चालली होती.

"आईला गाडीत बसव," ती म्हणाली. "चिमणीला घे. काही उचलू नकोस. वरच्या रस्त्याला लाग."

धाकटा हसला. मग तिचा चेहरा बघून त्याचं हसू विरलं. "ताई, पण तू बघितलं असशील ना? सही करताना?"

तिने फोन काढला आणि नियंत्रण कक्षाचा नंबर फिरवला.

"धरणाचा क्रमांक सांगा," पलीकडचा ड्यूटीवरचा माणूस म्हणाला. तिने सांगितला. "बाई, याचा वर्ग कमी आहे. खाली घरं शून्य."

"बेचाळीस आहेत. मी त्यातल्याच एका घरातून बोलतेय."

"इथे तर शून्य आहे. भोंगाही नाही बसवलेला. गाड्या पाठवतो, पण माझ्या नकाशात तिथे रस्ताच नाही. शेवटची पाहणी कोणाची आहे, बघतो." कागद उलटल्याचा आवाज आला. "बाई... तुमचीच आहे."

"हो," ती म्हणाली. "नवा रस्ता आहे, शहराच्या पलीकडून येतो. लिहून घ्या. माणसं दोनशेच्या आसपास. लिहिलंत? दोनशे."

"अर्धा तास तरी लागेल, बाई."

धाकट्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज तिने ऐकला. आई खिडकीतून तिला हाका मारत होती, 'तूपण चल गं, तूपण चल'. ताईने हातानेच त्यांना जायला सांगितलं आणि ती शेजारच्या दाराकडे पळाली. पळताना तिने टेकडीकडे पाहिलं. टेकडी तशीच होती, गवत वाऱ्यावर हलत होतं. तिला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि इतकी लाजही.

दार एका म्हाताऱ्या बाईंनी उघडलं. हाताला साबणाचा फेस, चेहऱ्यावर सुटीच्या दिवसाचा निवांतपणा. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगंबाई! तुम्हीच ना त्यांच्या ताई? कागदावर सही असलेल्या? या, आत या!" त्यांनी मागे वळून हाक मारली, "अहो, ऐकलंत का, धरणवाल्या ताई आल्यात!" मग तिचा हात आपल्या ओल्या हातात घेऊन म्हणाल्या, "तुमच्या जिवावर निर्धास्त झोपतो हो आम्ही."

ताईने हात सोडवून घेतला नाही. तो तसाच घट्ट धरून तिने त्यांना उंबऱ्याबाहेर ओढलं.

"काकू, मी बघितलंच नव्हतं," ती म्हणाली. "काकांना हाक मारा. धरण फुटतंय. चला."

काकू तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं. मग त्यांनी स्वतःच हात सोडवून घेतला आणि नवऱ्याला हाका मारत त्या आत पळाल्या.

ताई पुढच्या दाराकडे वळली. अजून चाळीस दारं होती, आणि प्रत्येक दारात हेच सांगायचं होतं.