झाकणाला चिकटलेलं बी

मी एक जुना डबा आहे. पारदर्शक, प्लॅस्टिकचा, झाकणाला तडा गेलेला. मित्रांनो, कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी केकच. तो एका दुपारी फस्त झाला आणि मी शिंपीकाकांची बटणं सांभाळू लागलो. "आतला माल कसा लख्ख दिसतो!" गिऱ्हाईक कौतुक करायचं. पुढे काचेच्या बरण्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो.

मग काकूंचं निवडुंग कुजलं. त्यांच्या आईने लावून दिलेलं. आईमागे तेवढीच तिची खूण उरली होती. काका हौसेने रोज पाणी घालत, तेच नडलं. वरचं एक लाल फळ तेवढं वाचलं. त्यातल्या खसखशीएवढ्या काळ्या बिया काकांनी धुऊन वाळवल्या, मला खाली उतरवलं, वाळूमिश्रित माती तव्यावर भाजून, गार करून माझ्यात भरली आणि पाणी फवारून वर बिया भुरभुरवल्या.

"आता झाकण उघडायचं नाही," काकू म्हणाल्या. "आतली ओल आतच राहू दे."

पण काकांना दम निघेल तर ना! शिवण मधेच टाकून यायचे, झाकण उचलायचे, बोटाने माती चाचपायचे. माझा जीव नुसता खालीवर व्हायचा.

"अहो, ते दूध आहे का उतू जायला?"

"बघतोय फक्त."

"मग बाहेरून बघा की! आरपार दिसतंय सगळं."

व्हायचं तेच झालं. मातीवर पांढरी बुरशी धरली आणि नुकते उगवलेले हिरवे ठिपके एकेक करून आडवे झाले. काका मला मोरीत घेऊन गेले, माती काढून टाकली, घासणी उचलली.

आणि मित्रांनो, माझ्या झाकणाच्या आतल्या खाचेत, पाण्याच्या थेंबात, काकांच्या बोटावरून आलेलं एक बी चिकटलं होतं. हिरवं टोक काढून! मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. ओरडू कसा? डब्याला तोंड असतं, पण वाचा नसते.

घासणी टेकणार तोच काकूंनी काकांचं मनगट धरलं. "थांबा! काय आहे ते?" त्यांनी झाकण उजेडाकडे धरलं आणि ते हिरवं टोक काकांना दाखवलं.

काकांनी नवी माती भाजून भरली. सुईच्या टोकावर ते बी अलगद उचललं.

"चष्मा कपाळावरच राहिलाय हो तुमचा."

"जन्मभर सुईत दोरा ओवला, कधी नाही विसरलो. आज बघ कसा!"

झाकण लागलं. काकूंनी काकांच्याच गळ्यातली मापाची टेप काढून माझ्याभोवती गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली. त्या दिवशी गिऱ्हाइकाचं माप दोरीने घेतलं गेलं.

आता ते निवडुंग मुठीएवढं झालंय, कुंडीत राहतं. काका येताजाता थांबतात. हात मात्र पाठीमागे. मी शेजारी रिकामा. उन्हाने तडा वाढतोय, आणि घासणी दिसली की अजून काळजात धस्स होतं.

मित्रांनो, माया करा, पण सारखं झाकण उघडून नको. आणि आमच्यासारखं जुनंपानं घासायला, टाकायला काढलंत, तर आधी एकदा उजेडाकडे धरून बघा. आत कुणीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असेल.