मला हात जोडू नका

मी एक जुना मोबाइल आहे आणि, मित्रांनो, मला माझीच किळस येते. माझ्या काचेवर वरण वाळलं आहे, बटणाच्या फटीत शेवेचा चुरा अडकला आहे. परवापरवापर्यंत ही घरातली माणसं मला संडासात नेत आणि तसंच आणून ताटाशेजारी ठेवत.

माझे दिवस नेहमीच असे नव्हते. परळच्या चाळीत मला शामरावांनी आणलं. रोज संध्याकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून ते घरच्यांना वंदनेला बसवत. बायको काशीबाई, मुलगा अमित, सून प्रिती आणि नात ऋतिका. वंदनेआधी मला रुमालाने पुसून, बंद करून फळीवर ठेवत. त्यांचा आवाज असा खणखणीत, की शेजारी आपणहून टीव्ही बारीक करत. त्या वेळी गप्प राहण्यातही मला मान वाटे.

शामराव गेले आणि मी सात वर्षांच्या ऋतिकाच्या हाती आलो. मी समोर नसलो तर ती घासाला तोंड उघडेना. प्रिती तिला भरवी, पण नजर स्वतःच्या मोबाइलवर. एकदा तर घास पोरीच्या नाकात गेला. अमित जेवताना एकटाच हसत बसे. शेवटी वंदनाही माझ्याच गळ्यात पडली. मला तसबिरीपुढे टेकवायचं, व्हिडिओ लावायचा आणि आपापल्या मोबाइलमध्ये डोकं घालायचं. काशीबाईंना दमा, त्यांना सलग म्हणवत नसे. निदान नातीने पंचशील पाठ करावं म्हणून त्या तिच्या मागे लागत. ती म्हणे, "मोबाइलला येतं ना, आजी."

शामरावांच्या पहिल्या स्मृतिदिनाला पाहुण्यांनी खोली भरली. त्यांच्या फोटोपुढे मी वंदना म्हणत होतो. मध्येच माझ्यातून जाहिरात सुरू झाली, संडास धुण्याच्या औषधाची. एक बाई आनंदाने पिवळे डाग दाखवू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अमित मात्र मांडीवरच्या मोबाइलवर बोट फिरवत होता. बाईचा आवाज थांबला, तशी वंदना संपली असं समजून त्याने हात जोडले आणि म्हणाला, "साधू, साधू, साधू." त्याच्यामागून निम्मी खोली तेच म्हणाली.

काशीबाईंनी मला पालथं घातलं आणि स्वतः पंचशील म्हणायला घेतलं. तिसऱ्या शीलाशी त्यांना धाप लागली. त्यांनी अमितकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. ऋतिकाने हळूच माझ्याकडे हात नेला. तो हात धरून काशीबाई म्हणाल्या, "उद्या मी गेले, की माझ्या फोटोपुढे पण हाच बोलणार का गं?"

ऋतिका रडू लागली.

आता मी पुन्हा फळीवर आहे. संध्याकाळी ऋतिका आजीला खेटून बसते. तिला दोन शीलं येतात, तिसऱ्याला ती अडखळते. अमितच्या मांडीवर मोबाइल अजून असतोच. बघून शिसारी येते.

मला पाचही शीलं येतात, पण मी गप्प आहे. मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल तर मला एकदा स्वच्छ पुसा आणि चार्जिंगला लावू नका. निदान त्या पोरीचं तिसरं शील पाठ होईपर्यंत तरी.