खुराडं दारातून जाईना

आजोबा नातीची शाळा बघायला निघाले, ते तिचं नाव काढून टाकायच्या तयारीनेच. आठ वर्षांची पोर, पाढे म्हण म्हटलं की स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसते. आणि शाळेत करते काय, तर सुतारकाम! मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर गणित शिकवलंत. एकदा बघून या आणि सांगा, ठेवायचं की काढायचं. तुम्ही म्हणाल तसं."

आजोबांचे विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'भोपळे सर' म्हणत, कारण शून्य मार्क ते फार सढळ हाताने वाटत. त्यांना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा अभिमानही होता.

शाळा म्हणजे अंगणाला लागून असलेली एक मोठी खोली. फरशीवर लाकडाचा भुसा आणि भुशात बसलेली, गुडघ्यापर्यंत मळलेली मुलं. शाळा चालवणाऱ्या ताईंनी आजोबांना स्टूल दिलं, चहा दिला आणि बजावलं, "सर, इथे एकच नियम आहे. मुलांनी विचारल्याशिवाय मोठ्यांनी उत्तर सांगायचं नाही."

खोलीच्या मधोमध कोंबड्यांचं खुराडं उभं होतं, चार पायांवर, नवंकोरं. अंगणातली जागा मुलांनी मापली होती. कोंबडी पंख पसरून बसली की किती जागा अडवते, तेसुद्धा मापलं होतं. आता फक्त बाहेर न्यायचं. आजोबांनी एकदा खुराड्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि ते ताडकन उठले. "अहो ताई, ते..."

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. आजोबा बसले खरे, पण चहा घशाखाली उतरेना. माहीत असलेलं उत्तर पोटात दाबून बसणं किती अवघड असतं, ते त्यांना या वयात कळत होतं.

खुराडं दारावर दणकन आपटलं. मागे ओढलं, पुन्हा ढकललं, पुन्हा आपटलं.

"दार कुणी मापलं होतं?" एकाने विचारलं.

"मापं मीच घेतली होती," नात म्हणाली. "दार मापायचं माझ्या डोक्यातच आलं नाही!" आणि सगळ्यांच्या आधी तीच खदखदून हसली.

आजोबा बघतच राहिले. हीच पोर घरी त्यांच्यासमोर गणित चुकली की कागदाला भोक पडेपर्यंत रबर घासते.

मुलांची डोकी एकत्र आली. कुणी म्हणालं भिंत फोडू, कुणी म्हणालं कोंबड्यांनाच आत राहू दे. नात खुराड्याभोवती फिरली, खाली वाकली, मग धावत आजोबांकडे आली. "आजोबा, पाय काढून आडवं केलं तर जाईल?"

चला, एकदाचं विचारलं! "जाईल. बोटभर जागा उरेल."

"मापून बघू?"

"अगं, मी सांगतोय ना!"

पाय काढले, खुराडं आडवं केलं, ढकललं, आणि ते अर्ध्यातच रुतून बसलं. खुराड्याच्या झडपेची कडी बाहेर आलेली होती. ती आजोबांनी हिशेबात धरलीच नव्हती.

सगळी मुलं त्यांच्याकडे वळली. आजोबांचे कान तापले. इतक्या वर्षांत मुलांसमोर ते कधी चुकले नव्हते. निदान तसं कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. तेवढ्यात नातीने हळूच त्यांचं बोट धरलं आणि त्यांची समजूत घातली, "असू दे आजोबा. इथे चुकलं तर कुणी रागवत नाही."

आजोबा तिच्यापाशी खाली वाकले. "घरीही नाही रागावणार," ते म्हणाले.

नातीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "नक्की?"

"नक्की. आण तो पेचकस, कडी काढू."

संध्याकाळी घराचा उंबरा ओलांडायच्या आधीच नात ओरडली, "आज आजोबा चुकले!" सून स्वयंपाकघरात जागच्या जागी थबकली. मुलाने घाबरत घाबरत वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या केसांत भुसा होता.

"मग बाबा? ठेवायचं की काढायचं?"

"ठेवा," आजोबा चपला काढत म्हणाले. "आणि त्या ताईंना विचारून बघ, मलाही ठेवून घेतात का."